करपात्र डोंगर

न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर कर नाही,
दुकानात बुटांवर, ब्रेडवर कर नाही.
त्यामुळे सगळा भार घराच्या छपरावर येऊन बसतो,
जानेवारीतल्या बर्फासारखा.
तो भार मी मोजते. नोकरी आहे.
टेप, कॅमेरा, काखेत फाईल,
आणि कुत्र्यांसाठी खिशात बिस्किटं.

ओव्हिला पेलशा टेकडीच्या शेवटच्या वळणावर राहतो.
घर बसकं, गिरणीच्या पगारातून स्वतः बांधलेलं,
उत्तरेकडे जरा कललेलं.
त्याची किंमत मी लिहिली तशी कमीच.
पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो,
अख्खा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत,
आणि फॉर्मवर त्याला वेगळा रकाना आहे: दृश्य.
मी लिहिलं, बासष्ट हजार.

दुरून डोंगर साजरे.
आमच्या गावात ते करपात्रही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी तो आला,
अर्जाची मुदत संपायला एक दिवस उरलेला,
हातात बियाण्यांच्या दुकानाची फुकट डायरी.
"हजाराला एकवीस डॉलर तुमचा दर.
म्हणजे डोंगराचे वर्षाला तेराशे दोन,
दिवसाला साडेतीनच्या वर.
आता हे बघा."

रोज सकाळी सातची नोंद, पेन्सिलीनं:
दिसला. नाही. नाही. अर्धा.
नाही, धुकं.
दिसला असेल, मी उठलोच नाही.
रेजान असती तर हलवून उठवलं असतं.
"एकूण दोनशे चार दिवस ढग," तो म्हणाला.
"तेवढे वजा करा."

टेबलामागे निवडून आलेले तिघं.
एक जण हसला,
मग उगाच चष्मा पुसत बसला.

मी समजावलं, सगळ्यांना समजावते तसं:
आम्ही दृश्य मोजत नाही,
दृश्यापायी गिऱ्हाईक किती जास्त देईल ते मोजतो.
"कुठलं गिऱ्हाईक?"
कुणीही. राजीखुशीनं घेणारं.
"मी विकतच नाहीये."
समजा विकलंत. एक एप्रिलला.
किंमत त्या तारखेची धरतात.

त्यानं अंगठा ओला केला, पानं मागे उलटली.
एक एप्रिल: नाही. बर्फ. कुंपणसुद्धा नाही.

एकवीस डॉलर कुठे जातात तेही मी सांगितलं.
अकरा गावच्या शाळेला, दोन राज्याच्या शिक्षणाला,
सहा गावाला, दोन काउंटीला.
"शाळेचं ठीक," तो म्हणाला,
"रेजान तिथे तीस वर्षं सूप ढवळत होती.
बर्फ काढणाऱ्या गाडीचंही ठीक.
माझा तंटा फक्त डोंगरापुरता आहे."

ढगांची वजावट नामंजूर झाली.
तसा रकाना नाही.
पण त्याच्या तळघरात पाणी शिरतं.
तो बोलला नव्हता, मी पाहिलं होतं,
भिंतीवर ओलीची रेघ, गुडघ्याएवढी,
आणि त्या रेघेच्या वर, फळीवर,
ओळीनं मांडलेल्या लोणच्यांच्या बरण्या, तिच्या हाताच्या.
नऊ हजार कमी केले.
वर्षाला एकशे एकोणनव्वद वाचले त्याचे.
आभार मानायचे सोडून तो फुरंगटला:
तळघर आता सरकारी कागदावर आलं,
उद्या कुणीही वाचेल.

जुलैचं बिल त्यानं भरलं.
डिसेंबरचंही, दोन दिवस आधी, टपालानं.
चेकच्या खालच्या रेघेवर,
कशासाठी ते लिहायचं असतं तिथे,
बारीक अक्षरात: डोंगर, सहा महिने. उरलेलं घराचं.

मी शिक्का मारला.
साडेचारलाच अंधार पडला होता.
माझ्या घराच्या खिडकीसमोर शेजाऱ्याचं गॅरेज आहे.
त्या रकान्यात माझ्या नावापुढे शून्य आहे,
साहेबांच्या अक्षरात,
आणि शून्यावर दर कितीही लावा.

पेलशाच्या वळणावर मी हल्ली गाडी जरा हळू करते.
नोंद मात्र कुठे करत नाही.