कानाला खडा

रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर
डॉक्टर पारेखांनी अण्णांचं डोकं
उजवीकडे वळवून खाटेच्या कडेखाली सोडलं.
‘आंख मींचशो नहीं, काका.’

चार-पाच क्षण काहीच नाही.
मग बुबुळं निघाली,
वळत, झटक्यानं जमिनीकडे,
हळू परत, पुन्हा झटका.
ओळंबा हलत राहावा
आणि कुणी बोट लावू नये, तशी.

अण्णा म्हणाले, ‘मी कुठं बघतोय?
मी बघतच नाहीये.’

‘उजवा कान. आतला खडा सुटलाय.’

चाळीस वर्षं बडोद्याच्या भिंतींना
पाणसळ लावणारा माणूस.
परांचीवरून पडले तेव्हा
कानाला खडा लावला होता :
पुन्हा चढणार नाही.
चढले, दुसऱ्याच सोमवारी.

जिना उतरताना कठडा धरला नाही.
भिंतीवर तळवा टेकून थांबले.
‘ही एक सूत बाहेर आहे.’

मी तपासलं नाही.