सेव्ह आणि किटली

ग्रिम्सबीच्या मासळी-गोदीमागे
हॅडकच्या खोक्यांचा वास ज्या जिन्याने वर चढतो
त्याच जिन्याने मीही चढले.
नोव्हेंबर. पावणेसात. अजून उजाडायचं होतं.
"सगळंच हळू चालतंय," फोनवर म्हणाले होते.
सगळंच म्हणजे नेमकं काय?
वैद्य जीभ दाखवा म्हणतो,
मी हे विचारते.

ग्लेनिस ऑर्मरॉड, हिशेबाच्या टेबलाशी एकोणतीस वर्षं,
बिलातला शेवटचा आकडा भरते, सेव्ह दाबते
आणि उठते.
किटलीत पाणी घालते. कप विसळते. दूध हुंगून पाहते.
परत येते तेव्हा पडद्यावरचं वर्तुळ
घाण्याच्या बैलासारखं फिरतच असतं.
"हे असं," ती म्हणते,
आणि एक कप माझ्यापुढे सरकवते.

माझ्याआधी तिघे येऊन गेले.
एकाने मेमरी दुप्पट केली.
एकाने अँटिव्हायरस काढून टाकला, चोर सोडून संन्याशाला फाशी.
तिसऱ्याने ग्लेनिसला कोरा करकरीत कॉम्प्युटर दिला
आणि तोही त्याच वर्तुळापाशी येऊन बसला.
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

मी मोजत बसते.
प्रोसेसर चार टक्के, जवळजवळ पेंगतोय.
मेमरी अर्धी रिकामी.
एक जाडजूड फाइल सर्व्हरवरून मागवली, धावत आली.
तीच परत पाठवली,
रांगत गेली.
म्हणजे वाचताना अडत नाही. लिहिताना अडतं.
डिस्कच्या दारात रांग लागलेली,
पुढचा हलेना म्हणून मागचा उभा.

सर्व्हर झाडूच्या कपाटात होता,
घडी घातलेल्या ख्रिसमसच्या झाडामागे.
झाकण काढलं. धुळीची गोधडी.
कंट्रोलरच्या कार्डावर दोन पेरांएवढी बॅटरी,
किनाऱ्यावर पडून राहिलेल्या माशासारखी फुगलेली.

तिचं काम एवढंच:
अचानक वीज गेली तर
लक्षात ठेवलेलं पण अजून लिहून न झालेलं
तेवढं सांभाळायचं.
ती मेली आणि यंत्राचा स्वतःवरचा भरवसा उडाला.
पूर्वी म्हणायचं, "आलं लक्षात, लिहितो निवांत, तुम्ही व्हा पुढे."
आता प्रत्येक आकडा आधी दगडावर कोरतं
आणि मगच मान हलवतं.
म्हातारं नव्हतं झालं ते.
धास्तावलं होतं.

मला काही ते परकं वाटलं नाही.
व्हिसाच्या प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढून
तीन वेगळ्या पिशव्यांत ठेवणारी बाई मी,
दहा वर्षं झाली तरी.

नोंदी उघडल्या. रोज मध्यरात्री त्याने ईमेल धाडली होती.
बॅटरी बदला.
बॅटरी बदला.
दोनशे अकरा, एकही न उघडलेली,
नॉर्मन ट्विडलच्या पेटीत.
आणि नॉर्मन तर एप्रिलमध्येच निवृत्त होऊन
कुत्र्यासकट स्केग्नेसला राहायला गेलेला.

डॉनकास्टरहून नवी बॅटरी यायला दोन दिवस.
आधी बॅकअप घेतला, मग तो खरंच परत उघडतो का ते पाहिलं
(कितीजण पाहतात?),
मग सगळं बंद. स्क्रू. सुरू.
ती चार्ज होईपर्यंत
मी कपाटाच्या उंबऱ्यावर सँडविच खाल्लं.

शुक्रवारी दुपारी ग्लेनिसने सेव्ह दाबलं आणि सवयीने उठली.
खुर्ची मागे सरकतेय तोवर पडदा मोकळा.
ती तशीच, अर्धी उभी, अर्धी बसलेली.
"झालं?"
पुन्हा दाबलं. पुन्हा झालं.
मग तिने माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं.
"आता मी उठायचं कधी?"

सात महिने त्या किटलीपाशी कोण कोण थांबलं,
कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या लेकीचं लग्न मोडलं,
हे कुठल्या लॉगमध्ये शोधणार?

बिलावर बॅटरी लिहिली. चार तास लिहिले.
नॉर्मनचा पत्ता काढून ग्लेनिसचा घातला.
जिना उतरताना मागे किटलीचा खटका वाजला.
काहीच अडलेलं नव्हतं तरी.