टाइमप्लीज

ओजसने शिकवला होता हा खेळ,
दहावीच्या सुट्टीत, टिळकनगरच्या ह्याच ओट्याशी उभं राहून.
"आई, हे तुझं गाव. ही विहीर.
इथे बोट ठेव, गहू उगवतो."
मी बोट ठेवलं. उगवला.
कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक पीक.

तेव्हा मजा यायची, खोटं कशाला बोलू.
रात्री आम्ही दोघं मिळून
जळगावच्या कुणा बंडूशेठचा किल्ला पाडायचो
आणि हे आतून ओरडायचे, "झोपा आता!"
आम्ही उशीत तोंड खुपसून हसायचो.
सोळा वर्षांचा तो, चव्वेचाळीसची मी,
दोघं एकाच इयत्तेत.

आता तो सुरतेला, हॉस्टेलवर.
त्याच्या गावात दोन वर्षं कुणी फिरकलेलं नाही.
भिंतींवर वेल चढलेत, खेळच काढतो ते आपोआप.
माझं गाव मात्र नांदतंय:
एकशे बारा घरं, सोन्याची नऊ कोठारं
आणि एक ड्रॅगन,
ज्याला दर सहा तासांनी खायला लागतं.

दर सहा तासांनी.
दूधवाला, गॅसचा नंबर, सासऱ्यांची बीपीची गोळी
आणि ड्रॅगन.
पाचचा गजर लावून उठते मी.
खिडकीतून माहूलच्या रिफायनरीची ज्वाळा दिसते,
ती विझलेली मी कधी पाहिली नाही.
अंधारात गव्हावरून बोट फिरवते,
ओट्यावरून फडकं फिरवावं तसं.
पुसलं का? पुसलं.
कापलं का? कापलं.

नव्वद दिवस सलग आल्याबद्दल
काल मला मुकुट मिळाला.
चेंबूर पोस्टात एकवीस वर्षं जातेय,
तिथे नुसती हजेरी लागते.

परवा फोनवर विचारलं त्याला,
"तू कसं रे सोडलंस? कधी कळलं तुला?"
तो काहीतरी खात होता.
"कळायचं काय त्यात? कंटाळा आला."
एवढंच. चघळत म्हणाला.

कंटाळा आला.
हे वाक्य मी शेवटचं कधी म्हटलं होतं?
पोळ्या लाटताना कंटाळा येतो का, कुणी विचारत नाही.
मीही नाही विचारलं कधी मला.
पीक उभं आहे तर कापायला हवं,
हे एवढं अंगात मुरलेलं.
खोटं पीक,
पण उभं आहे ना.

लहानपणी घाटल्याच्या मैदानात
उजेड संपला की डाव संपायचा.
ज्याच्यावर राज्य, तो तसाच घरी जायचा
राज्य अंगावर घेऊन,
आणि दुसऱ्या दिवशी कुणाला आठवायचं नाही.
ह्या खेळात अंधारच पडत नाही.
स्वतःचा उजेड घेऊन आलाय तो.
मग कुणी म्हणायचं, चला, पुरे?

आज पाचला उठले.
गहू पिकलेला. ड्रॅगन तोंड वासून.
बंडूशेठने रात्री येऊन पूर्वेची भिंत पाडलेली.
का कोण जाणे, बरं वाटलं,
कुणीतरी येऊन गेलं होतं.

मी अंगठा जिभेला लावला,
तेव्हा लावायचो तसा,
आणि हळूच म्हटलं, टाइमप्लीज.
ओला अंगठा काचेवर टेकवला.
तिला काय कळणार.
तिने एक पेटी उघडली
आणि मला चाळीस हिरे दिले.

हसूच आलं.
फोन पालथा घातला कणकेच्या डब्यावर.
हात मोकळे. दूध यायला अजून पाऊण तास.
काय करायचं ते सुचेना.
ज्वाळेकडे बघत बसले. थोड्या वेळाने
तिचाही कंटाळा आला.