जादा टिचबटण

हर्षल म्हणाला, पट्ट्याला चामडं हवं. जाड, काळं,
हात लावला की खरं वाटेल असं.
मी माळ्यावरून बॅग काढली.
एकतीस वर्षं खांद्याला होती, कात्रज ते शिवाजीनगर.
आत अजून सुट्ट्या पैशांचा वास,
आणि तळाच्या शिवणीत अडकलेले चार आणे,
कुठल्याच दिवसाच्या हिशोबात न आलेले.
मंडईपाशी बसणाऱ्या दगडूकडे उसवायला दिली.
तो म्हणाला, साहेब, चांगली आहे की अजून.
म्हटलं, म्हणूनच.

पितळ प्रमिलानं दिलं. लग्नातली परात.
कणीक ती आता स्टीलच्या ताटात मळते,
मनगटाला ते वजन पेलत नाही.
तांबट आळीत कापून घेतली, लंबगोल,
कडेनं ठोके, कांजिण्यांसारखे दाट.
मधोमध वाफेचं इंजिन,
कारण रिंगमध्ये आमच्या पोराचं नाव सिंहगड एक्सप्रेस.
सिंहगडला वाफेचं इंजिन कधी होतं रे?
बाबा, लोकांना धूर लागतो.

मग धनकवडीच्या आमच्या दोन खोल्यांत
चार रात्री सोल्यूशनचा वास.
गॅस बंद, खिडक्या उघड्या, फरशीवर रविवारची पुरवणी.
बोहरी आळीतले पांढरे खडे अर्ध्यातच संपले,
मग गणपतीच्या मखराचे लाल खरवडून काढले.
प्रमिलानं काडीचं टोक जिभेवर ओलं करायचं,
एक खडा उचलायचा,
श्वास धरायचा, ठेवायचा.
इंजिनाच्या धुरात तिनं चार टिकल्याही चिकटवल्या.
मी काही बोललो नाही.

तिसऱ्या रात्री हर्षल म्हणाला, रविवारी मी हरणारे.
रविवारी जेवायला नाही, असं सांगावं तसं.
म्हणजे?
म्हणजे ठरलंय. बाराव्या मिनिटाला. पट्टा यासीनला.
प्रमिलाची काडी हवेतच राहिली.

मी मातीतल्या कुस्त्या पाहिल्यात, चुलत्याच्या खांद्यावर बसून.
तिथं पाठीला माती लागेपर्यंत
खालच्यालाही ठाऊक नसायचं.
हे पोराला सांगणार होतो.
पण मीच तर एकतीस वर्षं
शेवटचा थांबा पाटीवर लिहिलेली गाडी चालू ठेवली,
आणि लोक धावत येऊन चढायचे,
दांडीला लटकायचे, भांडायचे खिडकीसाठी.
मग म्हटलं, बारा मिनिटं नीट पड म्हणजे झालं.
मान सांभाळ.

गुरुवारी यासीन आला. कोंढव्याला बेकरी त्यांची.
नानकटाईचा पुडा प्रमिलाच्या हातात देऊन
दारातच उभा, एवढा थोरला गडी, चपला कुठं काढू विचारत.
पट्टा लावून पाहिला.
चार बोटं कमी.
त्यानं पोट आत ओढलं, डोळे मिटले,
तरी दोन बोटं कमीच.
काका, राहू द्या, खांद्यावर घेईन, तसंही घेतात.
आणि आमचा हर्षल हसला, नको तसा.

पोरं गच्चीवर गेली सरावाला. वरून धप् धप् ऐकू येत होतं,
कोण पडत होतं कळत नव्हतं.
मी पट्टा उलटा केला.
पितळेच्या मागं ठिपक्याठिपक्यांची अक्षरं तशीच:
चि. सौ. कां. प्रमिला हिस, शंकरमामाकडून.
अर्धा मामा कापला गेलाय.
घासून काढू का, विचारलं.
ती म्हणाली, राहू दे, पोटाला कुठं वाचता येतं.

तिकिटाचा पंच चामड्याला चालत नाही.
दगडूची आरी मागून आणली.
काठाकडं अजून जागा होती, आखडून घेतलेली,
बॅगेच्या जुन्या घडीखाली.
खडूनं खूण केली, आरी दाबली,
एक टिचबटण जादा ठोकलं,
आणि तोंडातून सवयीनं निघालं,
चला, थोडं आत सरकून घ्या.