एकवीस वॅट

महाराणी रोडवरून आणलेली एवढीशी पाटी,
तीनशे चाळीस रुपये.
डबीवर शंभर वॅट.
गुलाबचंद म्हणाला, लिहायला काय जातंय.

स्पीकर लावला नाही.
आठ ओहमचा रेझिस्टर तांब्यातल्या पाण्यात सोडला
आणि आवाज वाढवत नेला,
बिनआवाजाचा.
खाली बोरगावकर वहिनी झोपलेल्या.
त्यांच्या डोक्यावर अख्खी वरात चाललीय
हे फक्त तांब्याला ठाऊक,
पाणी कोमट झालं म्हणून.

पडद्यावर हिरवी लाट.
दहाला गोल. पंधराला गोल.
एकविसाच्या पुढे माथा बसला,
वडी थापावी तसा.
वहीत लिहिलं: एकवीस.

आत नुसतं चालू-बंद, चालू-बंद,
सेकंदाला तीन लाखदा.
हो-नाही इतक्या घाईनं म्हटलं
की त्याला वळण येतं म्हणे.
शालन आणि मी
एकेका नाहीला महिना लावायचो.

मग जोडलाच स्पीकर.
अर्धी खोली भरते न भरते
तोच खालून छताला काठी.
तेही टिपलं:
दोन वॅट, वहिनी जाग्या.