सोमसूत्र

रियामच्या पार्किंगमधून पहाटे चारपासून
पांढऱ्या बसगाड्या सुटतायत.
काचेवर सेलोटेपनं चिकटवलेला कागद:
मंदिर. जाना-आना मुफ्त.
हात तरी खिशात जातोच.
आत पाचशे बैशांची नोट, पन्नासाची दोन नाणी
आणि कंपनीचा गेटपास,
जो आता कुठलंच गेट उघडत नाही, पण टाकवत नाही.
"बैठो भाई," ड्रायव्हर म्हणतो, "आज पैसा नहीं."
आज नाही. कालही नव्हता.
वादी कबीरहून इथवर चालत आलो
ते त्याला कशाला सांगा.

दाद-रहीम म्हणतात त्याला. बलुची.
आरशाला तसबी, गिअरपाशी खजुराचा डबा.
एका अंगाला डोंगर, भाजून काढल्यासारखे,
दुसऱ्या अंगाला समुद्र, अजून अंधारात.
बसभर दुधाचा वास.
जेठीबेनच्या मांडीवर ओल्या पंच्यात बेल,
काल रात्रीच्या विमानानं आलेला.
"त्रण पान लो, भाई," म्हणते,
मोजून तीन, एकही जास्त नाही.
शेजारी लिंगय्या, करीमनगरचा, शटरिंगवाला,
रात्रपाळीचे बूट तसेच पायात,
डोकं माझ्या खांद्यावर टाकून झोपलेला.
वळण आलं की त्याचं डोकं घरंगळतं
आणि मी खांदा जरा वर करतो.

रांगेत सगळं घोकून ठेवलं होतं:
जानेवारीत गोदाम बंद झालं,
व्हिसाचे एकोणीस दिवस उरलेत,
उमरग्याला अजून कुणाला बोललो नाही.
पिंडीसमोर जेमतेम एक श्वास मिळाला.
तोंडातून निघालं,
"बरं चाललंय."
फोनवर सुनंदाला सांगतो तसंच, त्याच आवाजात.

पुढे सरकलो तर स्वयंसेवक ओरडला,
"वहीं से वापस, वहीं से!"
विसरलोच होतो.
शंकराची प्रदक्षिणा अर्धीच.
अभिषेकाचं पाणी वाहतं ती पन्हळ ओलांडायची नाही,
तिथवर जायचं
आणि आल्या वाटेनं उलट फिरायचं.

बस रियामला परत आली. सगळे उतरले.
मी नाही उतरलो.
गाडी गार, सीट मऊ,
आणि इथं कुणी कार्ड मागत नाही.
पुन्हा मस्कत, पुन्हा रियाम,
किल्ल्याखाली बस वळते, ओलांडत नाही.
तिसऱ्या फेरीला आरशातून त्याचे डोळे:
"फिर?"
मी खिडकीबाहेर बघितलं.
समुद्र दिसायला लागला होता.

चौथ्या फेरीआधी त्यानं इंजिन बंद केलं.
आता उतरवणार, म्हटलं. उठलोच.
तर हातात सेलोटेप ठेवली त्यानं.
"कागज़ गिर रहा है. मुझसे टेढ़ा लगता है."

नऊ वर्षं गोदामात लेबलं लावली मी.
बाहीनं आधी काच पुसली.
जुना चिकटा नखानं खरवडला.
कागद धरला, दाराच्या कडेशी ओळंब्यात आणला,
मधून बाहेर अंगठा फिरवत एकेक बुडबुडा काढला,
चारी कोपरे तिरप्या पट्टीनं पक्के.
मग चार पावलं मागे जाऊन बघितलं.
कुणी सही मागितली असती
तर केली असती.

दाद-रहीमनं खजुराचा डबा पुढे केला.
आम्ही दोघं बिया मुठीत धरून
बस भरायची वाट बघत बसलो.

एक म्हातारी आली, कन्नड बोलणारी,
नातवाचा हात एका हातात, तांब्या दुसऱ्यात,
पायरीशी थांबून कनवटीला चाचपायला लागली.
मी दारात उभा होतो.
तांब्या धरला तिचा.
"बैठो अम्मा," म्हणालो,
"आज पैसा नहीं."