तिरकी रेघ

कुडचड्यात, शाळेमागच्या कोर्टावर,
रविवारची मीस सुटल्यानंतर
कुलासो टीचर आम्हा नऊ जणांना
एकच गोष्ट तीनदा सांगतात:
टेबलावर बसलेल्यानं टाळी वाजवायची नाही.

अर्ध्या कोर्टावरून कुणी
न बघताच चेंडू भिरकावला
आणि जाळी नुसती सळसळली, तरी नाही.
पाठीवरचा नंबर बघायचा. रेघ मारायची.
तीन गुण असतील तर नंबराभोवती गोल,
फ्री थ्रोला भरीव टिंब.
पहिला क्वार्टर लाल पेनानं, दुसरा निळ्या.
"आणि बोलायचं," टीचर म्हणतात,
"शेजारच्याला ऐकू जाईल असं बोलायचं.
मनात मोजलेलं कुणाच्याच उपयोगाचं नसतं."

मी याआधी ट्रक मोजलेत.
चौदा वर्षं, खाणीच्या वजनकाट्यावर.
नंबर, वजन, वेळ, ड्रायव्हरचा अंगठा.
धूळ वहीत अशी मुरायची
की पान उलटलं तरी बोटं रंगत.
खाण बंद पडली तेव्हा
घरी न्यावं असं माझ्याकडे एवढंच निघालं,
चटकन आकडा टिपणारा हात.

म्हणून वाटलं होतं, हे सोपं असेल.

पहिल्याच सराव सामन्यात
सात नंबरचा पोरगा गोंधळला
आणि आपल्याच बास्केटमध्ये चेंडू टाकून बसला.
सगळे हसले. त्याचे कान तापलेले.
माझं पेन अधांतरी. कुणाच्या नावावर?
"समोरच्या कप्तानाच्या."
ज्यानं काहीच केलं नाही, त्याच्या?
"हो. गुण हवेत लोंबकळत राहत नाहीत, वेळीप.
कुठं ना कुठं उतरवावे लागतात."

दुसऱ्यांदा घोळ माझाच.
रस्त्यावरून एक रिकामा टिपर गेला
आणि मान, सवयीनं, नंबरप्लेटकडे वळली.
तेवढ्यात बास्केट.
अक्विनो चोवीस सेकंदांच्या घड्याळावर वाकलेला,
मंजुळा आपल्या स्टॉपवॉचवर.
फलक म्हणतो बेचाळीस, माझा कागद चाळीस.
हात बझरवर गेला. टीचरनी तो वरच्या वर धरला.
"खेळ चालू असताना नाही.
चेंडू मेला की मग सांगायची, आपली चूक."

बावीस सेकंद.
चूक ठाऊक असून गप्प बसायचा
सराव मला होता,
पण त्यात शेवटी बझर नसायचा.

संध्याकाळी कागद बंद करायला शिकवलं.
शेवटच्या आकड्याभोवती जाड वर्तुळ,
खाली दोन रेघा.
आणि जे भरलंच गेलं नाही,
न घेतलेला टाइमआउट,
बाकावरून न उठलेला बारावा खेळाडू,
त्यावरूनही रेघ.
उरलेल्या आकड्यांवरून, वरपासून खालपर्यंत,
एक लांब तिरकी.

"ती कशाला?" आमच्यातल्या सर्वांत लहान मुलीनं विचारलं.
"रिकामी जागा दिसली ना, बाय,
की कुणाला तरी तीत काहीतरी लिहावंसं वाटतं."

मी पेनाचं टोपण घातलं, काढलं, घातलं.

आमच्या वहीत एक रकाना असायचा.
"तो सोड," सुपरवायझर म्हणायचा, "वर भरतील."
मी सोडायचो. खाली सही माझी.
वर काय भरतात ते मी विचारलं नाही.
विचारलं ते पुढं, वकिलांनी.

पट्टी कुणाकडेच नव्हती.
पाच फाऊलची पाटी आडवी धरून
तिच्या कडेनं मी रेघ ओढली.
मध्येच ती हलली, थोडी पोटात गेली.
मुलगी हसली. टीचर हसल्या नाहीत.
त्यांनी फक्त बोट फिरवून पाहिलं
कुठं काही मोकळं राहिलंय का.

मंजुळाची सही झाली, अक्विनोची झाली.
मी माझं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट.
आता पंचाची बाकी.
त्याची पडली की यातला टिंबही हलणार नाही.

पंच नळावर तोंड धूत होता.
कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून
दोन्ही हातांनी धरून
मी त्याच्या मागं उभा राहिलो.